घरट्यांचं पान

१

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या दारावर कुणीतरी डांबराने 'नऊ' असा आकडा लिहून ठेवला होता. नुसता आकडा. खाली ना नाव, ना शिवी.

मंगळवारी नदीवरचा जुना पूल कोसळला होता आणि नऊ माणसं गेली होती. त्या पुलाची शेवटची तपासणी केली ती साहेबांनी, म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या अभियंत्याने. आठ महिन्यांपूर्वी अहवाल लिहून ते निवृत्त झाले आणि पुढच्या चार महिन्यांत आजारपणाने गेलेसुद्धा. शुक्रवारच्या पेपरात तो अहवाल पहिल्याच पानावर छापून आला. 'पूल सर्व प्रकारच्या वाहतुकीस सुरक्षित.' खाली त्यांची सही. पेपरवाल्यांना तो दुसरीकडे कुठे शोधावा लागला नव्हता. साहेबांनी स्वतःच्या नावाची एक वेबसाइट केली होती, तिथेच तो होता. कुणीही उघडावा आणि वाचावा.

त्यांची मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बोटांना रॉकेलचा वास येत होता. दार पुसून आली होती.

"मावशी, हे बाबांनी लिहिलेलं नाही. पूल बंद करा असं लिहिलं होतं त्यांनी. जेवताना आम्हाला वाचून दाखवलं होतं."

"ऑफिसात त्याची प्रत असेल की."

"फाइल सापडत नाही म्हणतात. सोमवारी चौकशी समिती बसणार आहे. त्यांच्यापुढे जाणार तो साइटवरचाच अहवाल."

मी एकतीस वर्षं टपाल खात्यात तपासनीस होते. हरवलेली, भलत्याच दारात पडलेली, वाटेत फोडलेली पत्रं शोधणं हे माझं काम. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही. पण एखादा कागद निघतो कुठून, पोचतो कुठे आणि मध्ये कुणाच्या हाताला लागतो, एवढं मला विचारता येतं.

"ती साइट सांभाळतं कोण?" मी विचारलं.

तिने मान खाली घातली. "मामा."

२

मामा म्हणजे वहिनींचा, साहेबांच्या बायकोचा, धाकटा भाऊ. त्याचं छपाईचं दुकान आहे. पावतीपुस्तकं, फॉर्म, दुकानांच्या पाट्या असली कामं. मी गेले तेव्हा यंत्र बंद होतं आणि तो त्याच्यासमोर हात गुडघ्यांत घालून बसला होता.

"तुम्हीही तेच विचारायला आलात ना?"

"मी अजून काहीच विचारलेलं नाही. आधी मला ही भानगड समजावून सांग. तुझ्या दुकानात पाट्या होतात ना, तशीच एखादी पाटी समजून सांग."

तो जरा सैलावला. "बरोबर बोललात. भावोजींच्या नावाचं डोमेन ही नुसती पाटी. ती एका कंपनीकडे नोंदवली, दहा वर्षांसाठी. पाटीवर बाण असतो, सामान कुठे आहे ते दाखवणारा. सामान म्हणजे अहवाल आणि फोटो. ते दुसऱ्याच कंपनीकडे, क्लाउडवर. तिथे आपल्याला एक जागा मिळते. ते तिला बकेट म्हणतात, मी कप्पा म्हणतो. नियम एकच. आपल्या पाटीवरून कप्पा उघडायचा असेल, तर कप्प्याचं नाव हुबेहूब पाटीवरचंच ठेवायचं."

"त्यात कागद कोण टाकायचं?"

"अहवाल ते स्वतः टाकायचे. 'लोकांच्या पुलांचे अहवाल लोकांना दिसले पाहिजेत' म्हणायचे. मी फक्त पाटी बसवून दिली आणि एक पान करून दिलं. ते गेल्यावर मी ती साइट उघडलीसुद्धा नव्हती. धीरच झाला नाही."

"कुलपाची किल्ली?"

"पासवर्ड त्यांच्या डायरीत. डायरी ताईच्या कपाटात. मी आज सकाळी घेऊन आलो." मामाने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "ही गंमत बघा. त्यांचं खातं उघडतंय. आणि आत..."

पडद्यावर एक रिकामी यादी होती.

"आत कप्पाच नाही, तपासनीसबाई. आहे कुठे मग? आणि साइट तर तिकडे चालू आहे!"

३

मी त्याला साइट उघडायला लावली. खरंच, वीस वर्षांचे अहवाल ओळीने दिसत होते. प्रत्येक फाइल कधी ठेवली गेली ते बघता येतं का, असं मी विचारलं. टपालात आम्ही आधी शिक्का बघतो, पत्र नंतर.

त्याने दोन-तीन कळा दाबल्या आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. वीस वर्षांच्या सगळ्या अहवालांवर एकाच दिवसाची तारीख होती. पूल कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवसाची, बुधवारची. दुपारी तीन बारापासून तीन चाळीसपर्यंत.

गेलेल्या माणसाने हे ठेवलेलं नाही, एवढं तर उघड होतं. पण मला त्याचा आनंद झाला नाही. समितीत कुणीही म्हणेल की घरच्यांनीच फाइली हलवल्या, तारीख बदलली, मजकूर तोच आहे. आणि घरच्यांत हे काम येतं कुणाला? एकट्या मामाला.

संध्याकाळी साहेबांच्या घरी गेले तर नेमकं हेच चाललं होतं. मुलगी खिडकीशी उभी होती. वहिनी पलंगाच्या काठावर.

"त्या ठेकेदाराची सगळी पावतीपुस्तकं मामा छापतो," मुलगी म्हणाली. "पुलाची डागडुजी त्यानेच केली होती. तुला दोन आणि दोन चार करता येत नाहीत का, आई?"

"माझा भाऊ आहे तो."

"मग विचार त्याला!"

वहिनींनी कॉम्प्युटरकडे पाठ फिरवली. मी आल्यापासून हे मला दुसऱ्यांदा दिसलं.

मी मुलीला साइट उघडायला सांगितली. "मला अहवालांतलं ओ की ठो कळत नाही. साहेब असताना तू रोज बघायचीस ना? इथे काय बदललंय, तेवढं सांग."

तिने बराच वेळ वरखाली केलं. मग एका जागी बोट टेकवलं.

"घरटी गेली."

"कसली घरटी?"

"बाबा प्रत्येक पुलाखाली पाकोळ्यांच्या घरट्यांचे फोटो काढायचे. मातीची असतात ना, ती. कुठल्या खांबाला किती घरटी, पिल्लं किती, सगळं लिहून ठेवायचे. त्यासाठी वेगळं पान होतं. ऑफिसात हसायचे त्यांना. ते पान आता उघडतच नाही."

"ते पान केलं कुणी होतं?"

"मामानेच."

४

शनिवारी मी दोघांना भेटले.

ठेकेदार एका अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर सिमेंटच्या गोण्यांवर बसला होता. माणूस तोंडाचा फाटका.

"बाई, तो अहवाल माझ्या पथ्यावर पडला, नाही कशाला म्हणू? पूल चांगला होता म्हटलं की माझं कामही चांगलं. पण मी त्यात हात घातलेला नाही. इतर पुलांचे अहवाल तर मी कधी बघितलेपण नाहीत. माझ्याकडे एका पुलाचे कागद, तेही माझ्या कामाचे तेवढे. झडती घ्या खुशाल."

"मामाला तुम्ही काही सांगितलंत?"

"त्याला? मागच्या महिन्यात पावतीपुस्तकात माझं नावच चुकवलं त्याने. असल्या माणसाच्या हाती मी माझी मान देईन?"

उपअभियंता मात्र अतिशय सौम्य माणूस. साहेबांच्या हाताखाली तेरा वर्षं होता, आता त्यांच्याच खुर्चीवर. टेबलावर एकही कागद नव्हता. डोळे सुजलेले.

"सरांनी मला घडवलं, मॅडम. त्यांच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही."

"मूळ फाइल कशी हरवली?"

"जुने कागद हलवताना गहाळ झाली असावी. आता आम्ही नकाशे, अहवाल सगळं क्लाउडवरच ठेवतो. मीच बसवलं ते, मागच्या वर्षी. ती फाइल हरवण्याआधीच स्कॅन व्हायला हवी होती."

"अहवालात काय होतं, तुम्हाला आठवत नव्हतं?"

"वर्षाला चाळीस अहवाल येतात हो. अपघात झाला त्या रात्री तर मी नदीवरच होतो. बुधवारी सकाळी इथे आलो, चहा घेता घेता सरांची साइट उघडली. 'सर्व प्रकारच्या वाहतुकीस सुरक्षित.' कप तसाच हातात राहिला. सरांच्या हातून असं व्हावं?" त्याने चष्मा काढून पुसला. "आजारी होते. लक्ष लागत नसेल."

उठताना मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, "ते घरट्यांचे फोटो काढायचे म्हणे?"

तो थकल्यासारखा हसला. "हो. आम्हाला शिडी धरून उभं करायचे. कामाचा खोळंबा नुसता."

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की या माणसाने मला एक वेळ सांगितली आहे, आणि ती वेळ असू शकत नाही.

५

पण त्याआधी रिकाम्या खात्याचा उलगडा व्हायला हवा होता.

नोकरीच्या बाराव्या वर्षी माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं. एक डॉक्टर गाव सोडून गेले. त्यांच्या रिकाम्या जागेत दुसऱ्या एकाने त्याच नावाची पाटी लावली आणि वर्षभर त्यांची पत्रं फोडून वाचली. पोस्टमनची काहीच चूक नव्हती. पत्ता बरोबर, पाटी बरोबर. दाराआडचा माणूस तेवढा दुसरा होता.

रविवारी सकाळी मी मामाला साहेबांच्या घरी बोलावून घेतलं. मुलगी त्याच्याकडे बघेना.

"एक सांग," मी म्हटलं. "क्लाउडवर एकाच नावाचे दोन कप्पे असू शकतात?"

"नाही. त्या कंपनीत एका नावाचा एकच."

"आणि पहिल्या मालकाने कप्पा मोडून टाकला तर?"

"तर नाव मोकळं होतं. मग कुणीही..." मामा अर्ध्यातच थांबला. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "कुणीही त्या नावाचा नवा कप्पा घेऊ शकतो. स्वतःच्या खात्यात! आणि आपल्या पाटीवरचा बाण अजून तिकडेच. लोक भावोजींचं नाव टाकणार, आणि आत शिरणार दुसऱ्याच्या घरात!"

"कुलूप न फोडता."

"कुलूप फोडायचं कारणच नाही. आणि पाटी बघून कुणाला शंकाही येणार नाही."

"आणि कप्पा मोडलेला असताना साइट उघडली तर काय दिसतं?"

"या नावाचा कप्पा अस्तित्वात नाही, असं लिहून येतं. नावासकट. ज्याला यातलं कळतं त्याला ते आमंत्रणच."

"मग पहिला कप्पा मोडला कुणी?" मुलीने विचारलं. तिचे डोळे मामावर होते. "पासवर्ड तर घरात होता."

मी वहिनींकडे वळले. मला ते सगळ्यांसमोर विचारायचं नव्हतं. पण भाऊ आणि भाची त्यांच्या दोन बाजूंना उभे होते, आणि दोघांतलं काहीतरी कायमचं तुटायला आलं होतं.

"वहिनी, साहेबांच्या नावाने अजून पत्रं येतात?"

"टपालाने येतात."

"आणि कॉम्प्युटरवर?"

त्या पहिल्यांदाच कॉम्प्युटरकडे वळून बसल्या.

"महिन्याच्या पहिल्या तारखेला यायचं एक," त्या म्हणाल्या. "प्रिय अमुक, आपल्या जागेचा मासिक तपशील. प्रिय म्हणून, त्यांचं नाव घालून. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. मला ते सोसेना. डायरी काढली, आत गेले. मला वाटलं, ही त्यांच्या फोटोंची अडगळ असेल, साइट तर भाऊ बघतो. कॉम्प्युटर म्हणाला, पुसून टाकू का, मी हो म्हटलं. मग म्हणाला, खात्री असेल तर नाव पूर्ण टाइप करा." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "मी त्यांचं नाव टाइप केलं. एकेक अक्षर. आणि बटण दाबलं."

मुलीची नजर मामावरून आईकडे गेली.

"पूल पडल्यावर कळलं मला, मी काय पुसलंय ते. सगळे याच्याकडे बघत होते आणि मी गप्प बसले. माझ्या भावाकडे."

मामा त्यांच्या पायाशी बसला. "ताई, अगं, बोलायचंस ना," एवढंच म्हणाला.

६

आता उरला तो प्रश्न नवा कप्पा कुणाचा.

"ज्याने तो भरला," मी म्हटलं, "त्याच्याकडे वीस वर्षांचे सगळे अहवाल होते, पण घरटी नव्हती. मामाचं नेमकं उलटं आहे. अहवाल साहेब स्वतः टाकायचे, याच्याकडे एकही नाही. याच्याकडे असलीच तर घरटीच असतील. ठेकेदाराकडे एका पुलापलीकडे कागद नाही. सगळे अहवाल ठेवणारी जागा एकच, ऑफिस. शिवाय बुधवारी दुपारी तीनपर्यंत त्या कप्प्यात काहीच नव्हतं, आणि उपअभियंता मला म्हणाला, तिथला अहवाल त्याने बुधवारी सकाळी चहा घेताना वाचला."

मुलगी मामाशेजारी जाऊन बसली. "शिडी धरायचे ते बाबांची..."

"मामा, घरट्यांचे फोटो अजून आहेत तुझ्याकडे?"

होते. साइटसाठी लहान करायला साहेबांनी दिलेले मूळ फोटो त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तसेच पडून होते. आम्ही चौघं दुकानात गेलो. नदीचा पूल, तिसरा खांब. मातीचं घरटं, त्यातून डोकावणाऱ्या तीन चोची. मामाने फोटो मोठा केला. घरट्याच्या उजवीकडे काँक्रीटमध्ये एक भेग वर गेली होती. तिच्यावर दोन ठिकाणी खडूच्या खुणा, आणि शेजारी साहेबांच्या वळणदार अक्षरात तारीख आणि 'एक मिमी'. पुढच्या वर्षीचा फोटो काढला. घरटं तेच. भेग घरट्याच्या मागून पलीकडे निघालेली. 'चार मिमी. वाहतूक बंद करणे.' तारीख अहवालाच्याच दिवसाची.

वहिनींनी पडद्यावरच्या त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

सोमवारी समिती बसण्याआधी मी तो फोटो घेऊन उपअभियंत्याकडे गेले. टेबलावर ठेवला. त्याने आधी पक्ष्यांकडे पाहिलं, मग भेगेकडे.

"बुधवारी सकाळी तुम्ही साइट उघडलीत हे खरं आहे," मी म्हटलं. "पण तिथे अहवाल नव्हता. कप्पा नाही एवढंच लिहिलेलं होतं. नवा कप्पा कुणाच्या खात्यावर निघाला ते कंपनी समितीला सांगेलच. ते त्यांच्या तोंडून ऐकायचं की तुम्ही सांगायचं, तेवढंच तुमच्या हातात आहे."

तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याने घातला नाही.

"नवा पूल वर्षभरात होणार होता," तो म्हणाला. "वरून सांगितलं, तोवर जुन्यावरच ओढून न्या. मी ती फाइल खणात ठेवली. मला वाटलं, निघेल वर्ष. मॅडम, मी रोज त्याच पुलावरून यायचो. माझी मुलगी मागे बसलेली असायची. मला खरंच वाटलं होतं की निघेल."

"आणि साहेबांची सही?"

"जुन्या अहवालावरून उचलली." त्याने चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. "सर गेलेले होते. गेलेल्या माणसाचं काय बिघडणार होतं?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं. दारावरचं डांबर निघता निघत नव्हतं, वहिनी चार दिवस जेवल्या नव्हत्या. पण ते त्याला सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता. त्याने स्वतःच समितीच्या खोलीचं दार उघडलं आणि आत गेला.

७

पेपरने चूक सुधारली. सातव्या पानावर, चार ओळींत. मामाने पाटीवरचा बाण समिती बसली त्याच दिवशी काढून टाकला होता. साहेबांचं नाव टाकलं की आता काहीच उघडत नाही. खरा अहवाल शब्दशः कुणाकडेच उरलेला नाही. जेवताना ऐकलेला तेवढा, मुलीच्या आठवणीत.

मला वाटलं, संपलं. पण बुधवारी वहिनी माझ्या दारात आल्या. हातात एक कागद होता, त्यावर त्या नऊ जणांच्या घरचे पत्ते.

"तुम्हाला पत्ते शोधता येतात," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर चला. त्यांना सांगायचंय, यांनी लिहिलं होतं म्हणून. आणि मी पुसलं म्हणून."

मागून मुलगी धावत आली. "आई, काय गरज आहे? तुझ्यामुळे पूल पडला नाही. तू पुसलं नसतंस तरी पडलाच असता."

"असेल. पण नवरा गेल्यावर मला किती जण सांगायचे, वेळेवर कळलं असतं तर वाचले असते. ते असतं-नसतं मी चार महिने चघळतेय. त्या लोकांना निदान खरं काय ते कळू दे."

पहिलं घर नदीच्या अलीकडे, लोखंडी जिन्यावरचं. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या शिंप्याने. गळ्यात मोजपट्टी होती, पण आत यंत्रावर कापड नव्हतं. त्याचा एकुलता एक मुलगा गेला होता. वहिनींनी जिन्यात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, रडल्याही नाहीत.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"किती दिवस होतं ते तिथं? तुम्ही पुसायच्या आधी?"

"साडेचार महिने."

"मला वाचता येतं," शिंपी म्हणाला. "पोरगा तर कायम फोनमध्येच असायचा. पण असं काही कुठं लिहून ठेवलंय, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुमच्या मालकांनीही फक्त लिहून ठेवलं."

वहिनींनी मान हलवली. "हो. फक्त लिहून ठेवलं."

मला वाटलं, आता दार लागेल. त्याने हात पुढे करून तो कागद मागितला आणि डोळ्यांजवळ धरून सगळे पत्ते वाचले.

"ही तिसरी बाई शेजारच्याच चाळीत राहते. तिची दोन्ही पोरं गेली. ती अजून बोलत नाही कुणाशी. परक्या माणसाला दारात बघितलं की आत पळते." त्याने गळ्यातली मोजपट्टी काढून खिळ्याला अडकवली आणि चपला पायात सरकवल्या. "तिथं तुम्ही एकट्या जाऊ नका. मी येतो."